पाष्टे सरांची पंगत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं की माझ्या तोंडून आधी पाष्टे सरांचं नाव निघतं. आई समोर असली तर ते लगेच दुरुस्त करून घ्यावं लागतं. सरांना ही दुरुस्ती आवडली असती, कारण जगातली कुठलीही गोष्ट, त्यातून एखादा खेळ, आहे तसा राहू देणं त्यांना जमतच नसे. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात ते क्रीडाशिक्षक होते. संध्याकाळी मैदानावर आले की टाळी वाजवून जाहीर करायचे, "पोरांनो, आजचा सुधारित नियम!" त्यामुळे सगळं कॉलेज त्यांना 'सुधारित सर' म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या अंतरावरून.

एकदा स्नेहसंमेलनात शिक्षकांची संगीत खुर्ची होती. सरांच्या हाती माईक आला आणि त्यांनी नियम सुधारला: ज्याला खुर्ची मिळेल तो बाद. गाणं थांबलं आणि आमचे प्राचार्य आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीपासून लांब पळताना दिसले. संस्कृतच्या बाई त्यांना हाताला धरून बसवायला बघत होत्या आणि ते "नको, नको, आधी तुम्ही" म्हणत मंडपाच्या खांबाला मिठी मारून उभे होते. ते हसू कॉलेजला वर्षभर पुरलं.

सरांची उंची व्हॉलीबॉलच्या माणसाला शोभणारी नव्हती. थोडीशी मान वाकवली की ते जाळ्याखालून पलीकडे जात. खिशात नेहमी फक्कीची पुडी, म्हणजे मैदानावर रेघा मारायची ती पांढरी पूड. मनात आलं की ते भर खेळात वाकून नवी रेघ मारत. त्यामुळे त्यांचे हात कायम पांढरे, आणि शाबासकी द्यायची तर ती पाठीवर सणसणीत थाप मारूनच. आमचं मैदान जांभ्याच्या लाल मातीचं. संध्याकाळपर्यंत आमचे शर्ट लालभडक व्हायचे आणि त्यावर एखाद्याच्याच पाठीवर पांढरा पंजा उमटलेला असायचा. पहिल्यांदा मी तसा घरी गेलो तेव्हा आई घाबरली. "कुणी मारलानी रे तुला?" म्हणून पदराने झाडायला लागली. मी ओरडलो, "झाडू नको, झाडू नको, ते बक्षीस आहे!"

सरांचं एक म्हणणं होतं. "कवायत करायला मिलिटरीत जा. इथे डाव हवा. ज्यात हरजीत नाही, त्यात तुम्ही जीव ओतत नाही, मला माहीत आहे. मी पण ओतत नाही." म्हणून दुसऱ्या कॉलेजांची मुलं ओळीत उभी राहून शंभर वेळा तोच फटका मारायची, तेव्हा आम्ही रोज सामना खेळायचो. फक्त तो सामना कुणासाठी आहे ते सर ठरवायचे आणि त्याप्रमाणे नियम वाकवायचे.

स्मॅश मारणाऱ्यांसाठी 'खाडी' होती. कोर्टाच्या दोन्ही बाजूंना मधोमध सर फक्कीने एक मोठं लांबट वर्तुळ काढायचे. मारलेला चेंडू त्यात पडला की बुडाला, गुण समोरच्याला. मग झक मारत कोपरे शोधावे लागायचे. ब्लॉक करणाऱ्यांसाठी 'मासळी'. समोरच्याच्या फटक्याला नुसता हात लागला तर बांगडा, एक गुण. चेंडू तिथल्या तिथे खाली पाडला तर सुरमई, तीन गुण. आमचा मधला ब्लॉकर विनू हा ताडासारखा उंच आणि दिवसभरात चार शब्द बोलणारा मुलगा. पण सुरमई मिळाली की तो जाळ्यापाशी उभा राहून कोळणीच्या आवाजात ओरडायचा, "ताजी हाय, ताजी!" मागे चेंडू उचलणाऱ्या लिबेरोसाठी 'टायर'. जाळ्याजवळ जुना टायर ठेवलेला. त्यात लिफ्टर, म्हणजे चेंडू उंच उठवून स्मॅशरला देणारा, उभा. त्याला टायरबाहेर पाय टाकावा लागला तर तो गुण धरायचाच नाही. सगळा दोष मागून चेंडू देणाऱ्याचा.

आणि हरणाऱ्यांना शिक्षा ठरलेली होती. मैदानाच्या गडग्यावर, म्हणजे त्या जांभ्याच्या बुटक्या भिंतीवर, कॅन्टीनमधून आलेली कांदाभजी ठेवलेली असायची. जिंकणारे बसून खायचे आणि हरणाऱ्यांनी त्यांच्यासमोर ओळीत उभं राहून, हात जोडून, लग्नातल्या यजमानासारखं म्हणायचं, "सावकाश होऊ द्या!" आवाज कमी झाला तर परत म्हणायचं. नझीम एकदा हरला आणि अशा रागाने "सावकाश होऊ द्या" म्हणाला, की समोरच्याला ठसका लागला.

नझीम आमचा हुकमी स्मॅशर. समुद्राकाठच्या गावचा, वडील आखातात. तो उडी मारायचा तेव्हा वर जाऊन क्षणभर थांबायचा, असं आम्ही शपथेवर सांगू. मला नझीम व्हायचं होतं. गावात, हातखंब्यापासून आत, आमच्या वाडीतल्या दोरीच्या जाळ्यावर मी स्मॅशरच होतो. कॉलेजात आलो त्या आठवड्यात सरांनी माझे दोन-चार फटके बघितले, खाडीत पडलेले, आणि म्हणाले, "सहदेव, तुझा हात फटक्याचा नाही. तुझी नजर चांगली आहे. तू लिफ्टर, आमचा वाढपी."

सगळे हसले. मी नाही हसलो. माझे बाबा मुंबईत एका हॉटेलात वेटर आहेत. बारावी झाल्यावर त्यांनी शेठला सांगून माझीही सोय करून ठेवली होती. माझ्या हट्टामुळे एक वर्ष कॉलेजची सूट मिळाली होती, एवढंच. घरात आजवर कुणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं, त्यामुळे जायचं असतं हेच कुणाला पटत नव्हतं. आणि जिथून पळून आलो तोच शब्द सरांनी माझ्या गळ्यात घातला होता. मी म्हणालो, "सर, दुसरं काहीही म्हणा. वाढपी नको."

सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते खिशातून फक्की काढत म्हणाले, "आमच्या मंडणगडाकडे लग्नाच्या पंगतीत सगळ्यांत हुशार माणूस वाढायला ठेवतात. मूर्खाच्या हातात भाताची परात दिली की वराकडचे उपाशी उठतात. आजपासून नवा डाव, तुझ्यासाठी."

तो पंगतीचा डाव. नियम सोपा. मारणारे जेवढे, तेवढी पानं मांडलेली. प्रत्येकाला एकेकदा चेंडू वाढल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा वाढायचा नाही. वाढला तर गुण गेला. म्हणजे डोक्यात सतत हिशेब ठेवायचा: नझीमचं झालं, मागच्याचं झालं, विनूचं पान रिकामं. आणि समोरच्यांना मात्र हा हिशेब कळता कामा नये. मी कुणाकडे बघतो ते कळलं की त्यांचे ब्लॉकर तिथे हजर. त्यामुळे न बघता वाढायचं. सर जाळ्याच्या खांबाला टेकून ओरडत असायचे, "वाढपी, पान बघ, तोंड बघू नको! जो ओरडतो त्याला भूक असतेच असं नाही!"

ओरडणारा अर्थात नझीम. "सद्या, मला दे! सद्या मेल्या, मला!" पहिले काही दिवस त्याच्या ओरडण्याला घाबरून मी दोनदोनदा त्यालाच वाढायचो आणि रोज हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणायचो. मग हळूहळू एक मजा कळायला लागली. विनूला अजिबात अपेक्षा नसताना त्याच्या हाताशी चेंडू नेऊन ठेवला की समोर ब्लॉकला कुणीच नसायचं. सगळे नझीमच्या भोवती नाचत असायचे. तो मोकळा फटका बघताना आपणच मारल्यासारखं पोटात गुदगुल्या व्हायच्या. तरी एक दिवस मी विचारलंच, "सर, मला कधी मारायला मिळणार?"

"वाढपी शेवटी बसतो रे," सर म्हणाले. "बसतो मात्र नक्की."

वर्ष संपत आलं आणि विभागीय सामने आमच्याच मैदानावर भरले. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे दोघे येणार होते. निवड झाली तर खेळाडूंच्या जागेतून वसतिगृह मिळणार आणि मी पदवीपर्यंत शिकणार. नाही झाली तर मुंबई. अंतिम सामन्याच्या दिवशी बाबा सुट्टी घेऊन आले होते, ते मला न्यायलाच. माझी बॅग भरलेली होती. बाबा गडग्यावर बसले होते आणि बॅग त्यांच्या पायाशी. सर त्यांच्याकडे गेले, नमस्कार केला, म्हणाले, "आज तुमचा मुलगा वाढणार आहे. नीट बघा." बाबा मला नंतर म्हणाले, त्यांना वाटलं चहापाण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे.

समोर चिपळूणकडचा संघ. उंच, शिस्तीचा, ओळीत सराव करणारा. दोन सेट त्यांचे, दोन आमचे. पाचव्या सेटला आम्ही एका गुणाने पुढे, आणि आणखी एक मिळाला की जिंकलो. गडग्यावर, आंब्याच्या कलमांवर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं. सगळी ओरडत होती, "नझीम! नझीम!" नझीमही ओरडत होता, "सद्या, मला! मला दे!" त्यांची सर्व्हिस आली. लिबेरोने चेंडू असा सुंदर उचलून दिला की टायर असता तर मी त्यातच उभा असतो.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी विसरलो की हा खरा सामना आहे. डोक्यात पंगत चालू झाली. नझीमचं आत्ताच झालं. विनूचं पान रिकामं. दुसरा विचारच आला नाही. दुसऱ्यांदा नझीमला वाढलं तर गुण जाईल, या भीतीने मी चेंडू न बघता मागे विनूकडे सोडला.

समोरचे तिघे ब्लॉकर नझीमच्या अंगावर. विनू एकटा. त्याच्या चेहऱ्यावर, स्वप्नात कुणी हाक मारावी तसा भाव. त्याने हात फिरवला, चेंडू वेडावाकडा लागला आणि पलीकडच्या कोर्टाच्या अगदी मधोमध धप्पकन पडला.

मधोमध. म्हणजे खाडीत.

विनूने कपाळाला हात लावला. नझीम मटकन खाली बसला. मी डोळे मिटले. गेला, बुडाला, गुण समोरच्यांचा. पलीकडे चिपळूणकर मान खाली घालून उभे होते, पण आमचं तिकडे लक्षच नव्हतं. वर्षभराची सवय. आम्ही सहाही जण मुकाट्याने जाळ्यापाशी ओळीत आलो, हात जोडले आणि एका सुरात म्हणालो, "सावकाश होऊ द्या!"

पंच शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे बघत होते. चिपळूणचा कप्तान म्हणाला, "आयला, जिंकून वर टोमणे मारतायत!" तो चांगलाच भडकला होता. तेवढ्यात सर जाळ्याखालून मान वाकवून धावत आले. "अरे गाढवांनो, जिंकलात! आज खाडी नाही! आज खरा नियम आहे, खरा!"

मग जे झालं ते मला सलग आठवत नाही. विनू कोळणीच्या आवाजात "ताजी हाय, ताजी!" ओरडत मैदानाला फेऱ्या मारत होता. नझीमने मला उचललं, मग रागाने खाली टाकलं, "मला का नाही दिलास मेल्या?" आणि परत उचललं. सर चिपळूणच्या कप्तानाला खाडी समजावून सांगत होते, फक्कीने काढून. समजल्यावर तो पोट धरून हसला आणि त्याने अख्ख्या संघाला आमच्यासमोर ओळीत उभं करून हात जोडायला लावले.

निवड करणाऱ्यांपैकी एकांनी मला बोलावलं. "तुझ्याकडे एवढा स्मॅशर असताना तू शेवटचा चेंडू मधल्याला का दिलास?"

मी म्हणालो, "साहेब, त्याचं पान रिकामं होतं."

ते सरांकडे बघायला लागले. सर आभाळाकडे बघत होते. त्या संध्याकाळी यादी लागली आणि नझीमच्या खाली माझं नाव होतं.

बाबा गडग्यावरून उतरले. बॅग त्यांनी उचलली आणि माझ्या हातात दिली. "वसतिगृहाकडेच टाक ही." मग जरा वेळाने, दुसरीकडे बघत म्हणाले, "तू मागे न बघता दिलास तो. मला पण तसंच करायला लागतं. कुठल्या टेबलावर काय संपलं, ता पाठीला कळायला हवं." बाबा त्यांच्या कामाबद्दल माझ्याशी एवढं कधीच बोलले नव्हते. सर येऊन उभे राहिले होते. त्यांनी बाबांच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. बाबा त्या रात्री मुंबईला गेले ते पाठीवर पांढरा पंजा घेऊनच. हॉटेलात विचारलं तर काय सांगितलं, ते आम्हाला अजून सांगत नाहीत, नुसते हसतात.

मी पदवीधर झालो, पुढे शारीरिक शिक्षणाचंही शिकलो. नझीम दुबईत आहे. दर शुक्रवारी तिथे वाळूत खेळतो आणि मला फोनवर आवाजी निरोप पाठवतो, "सद्या, हितं सगळे ओरडणारेच हायत, वाढपी कोणीच नाय!" सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभातही त्यांनी नियम सुधारला: सत्कारमूर्तीने गप्प बसायचं नाही, सत्कारमूर्तीनेच सगळ्यांना हार घालायचे. हार एकच होता. तो एकेकाला घालून, काढून, पुढच्याला घालत ते सगळ्या सभागृहात फिरले. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यात फक्त दोरा आणि दोन झेंडू उरले होते. ते मी ठेवलेत. मग ते मंडणगडाकडच्या आपल्या गावी राहायला गेले. तिथे डोंगरात फोनला रेंज नाही. जाताना एसटीच्या खिडकीतून म्हणाले, "काही नवीन केलंस तर पत्र लिही. फोनवर नियम नीट कळत नाहीत." गाडी हलली तेव्हा मी नुसता हात जोडून उभा राहिलो, आणि आत बसलेले सर मोठ्याने ओरडले, "आवाज कमी आहे, परत म्हणा!"

काही नवीन करायला मला बराच काळ लागला. गेल्या आठवड्यात ते झालं, आणि मी लिहिलं ते पत्र असं:

आदरणीय सर,
सा. न.

हेदवीजवळच्या आमच्या हायस्कुलात मुलींचा संघ तयार होतो आहे. खाडी, मासळी, टायर, सगळं चालू आहे. इथे गडगा नाही, भजी बाकावर ठेवतो. लिफ्टर सानिका आठवीत आहे. परवा पंगतीचा डाव संपल्यावर ती म्हणाली, "सर, सगळ्यांना वाढलं. आता वाढपी कधी जेवणार?" मी तुमचं वाक्य सांगितलं, शेवटी बसतो, बसतो नक्की. ती म्हणाली, "मग तसा नियम कुठे आहे?"

सर, पोरींनी आपापसात ठरवून टाळी वाजवली आणि मला सुधारित नियम सांगितला: सगळ्यांची पानं झाली की शेवटचा चेंडू वाढप्याला. वाढायचा लिबेरोने. तुमची परवानगी न घेता तो मी लागू केला आहे. क्षमा असावी.

काल सानिका आली नव्हती, म्हणून तिच्या जागी मला उभं केलं. खेळ बरोबरीत होता. सगळ्यांना वाढून झालं आणि लिबेरोने, एवढीशी पोर आहे, चेंडू नेमका माझ्यासाठी वर सोडला. सगळ्या ओरडल्या, "सर, बसा!" सर, मी उडी मारली. किती वर्षांनी मारली. वर जाऊन क्षणभर थांबलोसुद्धा, असं मी शपथेवर सांगेन. आणि सगळा जोर लावून असा फटका मारला की काय सांगू.

खाडीत पडला.

आमची बाजू हरली. माझ्या संघाबरोबर मी ओळीत उभा राहिलो, हात जोडले, आणि "सावकाश होऊ द्या" सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो. तुमच्यापर्यंत ऐकू आलं असेल.

तुम्ही म्हणाला होतात ते खरं झालं. मी बसलो.

तुमचा,
सहदेव (वाढपी)

ता. क. घरी आल्यावर आईने विचारलं, "पाठीवर कुणी मारलानी रे?" आरशात वळून बघितलं. फक्कीचा पंजा होता, लहानसा.